वाचकांचे प्रश्न : काळी चारमधून सोप्रानो

प्रश्न : मुलगी १७ वर्षांची आहे. सहा वर्षं ख्याल शिकतेय, काळी चारमध्ये (हार्मोनियमची चौथी काळी पट्टी ‘सा’ धरून) गाते. आता तिला ऑपेरात सोप्रानो (स्त्रियांचा सर्वांत उंच आवाज) म्हणून गायचंय. ख्याल सोडावा लागेल का? सांगलीत राहून सुरुवात कशी करायची? – एक पालक, सांगली

उत्तर : ख्याल लगेच सोडू नका, पण दोन्हींचा रियाज एकाच बैठकीत नको.

सोप्रानोचा पल्ला साधारण दोन सप्तकांचा. काळी चारच्या हिशोबानं मध्य गंधारापासून अतितार (तारच्याही वरच्या सप्तकातल्या) गंधारापर्यंत. तार सप्तकात जाताना ख्यालातला छातीचा भरदार आवाज तसाच वर रेटला, की गळा आवळतो, सूर उतरतो आणि दुसऱ्या दिवशी आवाज बसलेला असतो. म्हणून पहिलं वर्षभर काम एकच : वरचा हलका, डोक्यात घुमणारा आवाज शोधायचा आणि मधल्या स्वरांत तो छातीच्या आवाजाशी बेमालूम जोडायचा. ओठ फुरफुरवत पाच स्वर चढायचे-उतरायचे, दर वेळी कीबोर्डवर एक पट्टी वर. गळा ताठरला की तिथंच थांबायचं. दिवसातून दोनदा वीस मिनिटं पुरेत.

कानालाही सवय लावावी लागेल. मिरजेच्या तानपुऱ्यातून उमटणाऱ्या गंधारापेक्षा पियानोचा गंधार सुमारे १४ सेंट चढा असतो (दोन शेजारच्या पट्ट्यांत १०० सेंट). मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) आवरावी लागते. लांबवलेल्या स्वरातला कंप (व्हायब्रॅटो) मोकळ्या श्वासावर आपसूक येतो. गमकेसारखा हलवून काढला तर ऐकवत नाही. उंच स्वरावर ‘ई’ म्हणताना जबडा सोडावाच लागतो, मग शब्द थोडा अस्पष्ट झाला तरी चालतो. माइक नसतो, ऑर्केस्ट्रावरून आवाज पोचवायचा असतो.

स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची पाश्चात्त्य स्वरलिपी) आणि इटालियन उच्चार आजच सुरू करा. जर्मन, फ्रेंच मागाहून. ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षा मंडळांच्या गायनाच्या परीक्षा आठव्या ग्रेडपर्यंत असतात. शिक्षक बहुधा मुंबईत किंवा गोव्यात शोधावे लागतील. ऑनलाइन शिकवणी असेल तर झूमवर ‘ओरिजिनल साउंड’ चालू ठेवा, नाहीतर लांबवलेला स्वर गोंगाट समजून कापला जातो. महिन्यातून एकदा तरी समोर बसून शिकणं हवंच, जबड्याचा ताण पडद्यावर नीट दिसत नाही.

पुढचा रस्ता परदेशातून जातो. मुंबईच्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारियो लंडनच्या गिल्डहॉल या संगीत-नाट्य विद्यालयात शिकल्या. जड भूमिका आवाज पिकल्यावर, बहुधा तिशीच्या आसपास. तोवर कोरस (समूहगायन), छोट्या भूमिका, शिकवण्या. खर्चाचं गणित याच हिशोबानं मांडा.