‘सगळं मजेत’ म्हणू नकोस

यावल तालुक्यातल्या एका भगिनीचं पत्र:

‘ताई, माझे मिस्टर नौदलात आहेत. दोन महिने झाले, जहाज समुद्रात आहे. कुठे, ते सांगता येत नाही म्हणतात. टीव्हीवर दिवसभर युद्धाच्या बातम्या. पंधरा-वीस दिवसांनी फोन येतो, तोही पाच मिनिटांचा. इकडे वादळात केळी आडवी झाली, सासऱ्यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला. सासूबाई म्हणतात, त्याला यातलं काही कळू द्यायचं नाही, तिकडे त्याचं चित्त ठिकाणावर पाहिजे. मग मी ‘सगळं मजेत’ म्हणते आणि पुढे शब्दच फुटत नाही. परवा म्हणाले, माझ्यावर रागावलीस का? मी काय करू?’

पोरी, सासूबाई मायेपोटीच सांगताहेत, पण चुकीचं सांगताहेत. मी इतकं ठाम बोलते त्याला कारण आहे.

माझे धाकटे काका 1971 च्या लढाईत जहाजावर होते. त्याच नोव्हेंबरात अमळनेरला आमची आजी गेली. आजोबांनी ठरवलं, पोराला कळवायचं नाही. दर आंतरदेशीय पत्राच्या शेवटी ‘आई आशीर्वाद सांगते’ हे वाक्य जायचंच. 9 डिसेंबरला दीवजवळ आपली ‘खुकरी’ ही युद्धनौका बुडाली, 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. काका दुसऱ्या जहाजावर होते, सुखरूप होते. फेब्रुवारीत सुटीवर आले, ओट्यावर पेटी ठेवली आणि आईला हाक मारली. ‘माले कोन्हीच सांगं नही’ एवढंच बोलले. पुढे नोकरी संपेपर्यंत, घरून ‘सर्व कुशल’ असं पत्र आलं की त्यांची झोप उडायची. आता कोणाचं काय लपवलंय, ते ओळीओळीत हुडकत बसायचे.

तुझा नवरा आज तेच करतोय. तुझ्या गप्प बसण्याचा अर्थ लावत बसलाय.

आणि अर्थ लावायला तिकडे वेळ फार असतो. लढाईच्या दिवसांतही जहाजावर बराचसा काळ पहाऱ्यात आणि वाट पाहण्यात जातो, असं काका सांगत. चार-चार तासांची वॉच. रोज एकाच्याच वाट्याला तीच अपरात्र येऊ नये म्हणून संध्याकाळी चार ते आठचे दोन-दोन तासांचे तुकडे करायचे, त्यांना डॉग वॉच म्हणायचं. रात्री डेकवर काडी पेटवायची नाही. एकावर एक तीन बंक, त्यात अंगावरच्या कपड्यांनिशी आडवं व्हायचं. हिरवी भाजी संपली की बटाटा, मग पुन्हा बटाटा. काकांना म्हणे स्वप्नात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी दिसायची! अशा बंकवर पडल्या पडल्या माणूस तुझं ‘सगळं मजेत’ शंभरदा ऐकतो गं.

तेव्हा पुढचा फोन आला की सासऱ्यांचं पहिल्याच मिनिटात सांग. शेवटी नको, कारण फोन मधेच कटला तर तेवढंच घेऊन तो वॉचवर जाईल. आणि झालेल्या उपायांसकट सांग: झटका आला, दवाखान्यात नेलं, गोळ्या चालू आहेत, आता काठी धरून कुठवर चालतात. केळीचंही तसंच. पंचनामा झाला का, हे तो विचारणारच, उत्तर तयार ठेव. ‘तुम्ही असता तर’ हे वाक्य मात्र गिळायचं. मग एक मिनिट सासूबाईंना दे. त्यांचाही मुलगा आहे तो, आणि लपवण्याचं ओझं त्यांनाही झालंच असेल.

उरलेलं पत्रात लिही. हो, कागदावर. जहाजावरची टपाल साठून गठ्ठ्याने मिळते, तिसरं पत्र पहिल्याच्या आधी हातात पडतं, म्हणून पाकिटावर क्रमांक टाक. 2019 च्या अखेरीस माहिती फुटल्याच्या प्रकरणानंतर नौदलाने जहाजांवर स्मार्टफोनला मनाई केली, तेव्हा व्हॉट्सॲपवर तो दिसला नाही म्हणून घाबरू नकोस. तूही जहाजाचं नाव, बंदर, तारीख स्टेटसला ठेवू नकोस, नणंदेच्या ग्रुपवरसुद्धा नाही. खरंच तातडीचं काही झालं तर जळगावच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. निरोप कसा पोचवायचा ते तिथे सांगतील. आणि तो टीव्ही दिवसातून एकदा, अर्धा तास. बस्स.

पत्रात काय लिहू, असं म्हणशील. श्रावणात आपल्या खान्देशातली कानबाई देवी बसेल. तुमच्याकडेही प्रसादाच्या रोटांसाठी घरातल्या पुरुषांच्या नावाने गव्हाची मूठ टाकत असतील. त्याच्या नावाची मूठ यंदा कोणी टाकली, किती गहू खाली सांडले आणि ते वेचताना सासूबाई काय पुटपुटल्या, ते लिही.