जुनी प्रीमियर पद्मिनी गाडी चढावर झटके देऊन बंद पडते, दहा मिनिटांनी पुन्हा चालू होते. कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) बदलू का?

थांबा, एवढ्यात नको. पुढच्या वेळी बंद पडली की आधी पेट्रोल टाकीचं झाकण उघडा. 'फुस्स' करून हवा आत गेली आणि गाडी लगेच सुरळीत झाली, तर झाकणाचं हवेचं भोक बुजलंय. फुकटातला इलाज!

तसं नसेल तर इंजिन थंड असताना कार्बोरेटरकडे जाणारा पाइप काढून बाटलीत सोडा. कॉइलची (ठिणगीसाठी वीज देणाऱ्या भागाची) वायर काढून ठेवा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. (विडी-सिगारेट लांब.) पेट्रोल जोरात, ठोक्याठोक्यानं आलं पाहिजे. नुसतं ठिबकलं तर गाडीतल्या पेट्रोल पंपाचा डायफ्राम (आतला लवचिक पडदा) किंवा जाळी बघा. आणि टाकी ते पंप हा रबरी पाइप तर नक्कीच. इथे लोक हमखास फसतात. या भागात पंप पेट्रोल ओढत असतो, त्यामुळे पाइपला चीर गेली तर पेट्रोल गळेलच असं नाही, उलट हवा आत खेचली जाते. बाहेरून सगळं कोरडं, ठीकठाक दिसतं. शिवाय इथेनॉलमिश्रित पेट्रोलनं जुनं रबर लवकर खराब होतं. इथेनॉल चालणारा पाइप घ्या, क्लिपाही नव्या.

पेट्रोल भरपूर येत असेल तरच कार्बोरेटर उघडा. निडल व्हॉल्व्ह (आत येणारं पेट्रोल सोडणारी-अडवणारी सुई) अडकतोय का पाहा. जेट (पेट्रोलची बारीक भोकं) हवेनं फुंकून साफ करा, तार घालू नका, भोक मोठं होतं.

हे सगळं ठीक निघालं तर डिस्ट्रिब्युटरचा (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाचा) कंडेन्सर बदलून बघा. तापल्यावर तोही अगदी असाच दगा देतो.