बाळ छातीवर कोण ठेवणार, हे आधी ठरवा

प्रश्न : माझे पहिले बाळंतपण तीन वर्षांपूर्वी सिझेरियनने झाले. बाळाच्या रडण्याचा आवाज मी पडद्याआडून ऐकला, कोणीतरी दुपट्यात गुंडाळलेला चेहरा क्षणभर दाखवला आणि त्यानंतर सुमारे सात तासांनी बाळ माझ्याजवळ आले. तोवर त्याला वाटी-चमच्याने पावडरचे दूध पाजून झाले होते. बाळाची तब्येत उत्तम होती. विचारल्यावर ‘इथली पद्धतच अशी आहे’ एवढेच उत्तर मिळाले. आता मला ३६वा आठवडा चालू आहे आणि पुन्हा सिझेरियनच ठरले आहे. सासूबाईंचे म्हणणे असे, की ऑपरेशन झालेल्या बाईने विश्रांती घ्यावी, बाळाचे आम्ही बघू. मी काय मागू शकते आणि केव्हा?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमच्या पत्रातील ‘केव्हा’ हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑपरेशनच्या टेबलावर झोपल्यानंतर मागितलेली गोष्ट सहसा मिळत नाही. त्यात कोणाच्या मनात वाईट असते असे नाही. त्या खोलीत प्रत्येकाचे हात ठरलेल्या कामात गुंतलेले असतात आणि जे काम आधी ठरलेले नाही, ते कोणाचेच नसते. म्हणून येत्या तपासणीलाच तुमच्या प्रसूतितज्ज्ञांना, आणि शक्य झाल्यास भूलतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ यांनाही, एक नेमका प्रश्न विचारा : बाळ रडले आणि त्याचा श्वास नीट चालू असला, तर ते माझ्या छातीवर कोण ठेवणार आणि त्याच्याजवळ कोण उभे राहणार? ‘बघू’ हे उत्तर पुरेसे समजू नका. एखाद्या सिस्टरवर ते काम सोपवले गेले, तर गोष्ट घडण्याची शक्यता बरीच वाढते.

तुमची मागणी जगावेगळी नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९९१ मध्ये बालस्नेही रुग्णालयांचा उपक्रम सुरू केला. त्याच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शनानुसार जन्मल्याबरोबर बाळाला आईच्या उघड्या अंगावर ठेवावे आणि पुढे चोवीस तास दोघांना एकाच खोलीत राहू द्यावे. आई शुद्धीवर असेल तर सिझेरियनलाही हेच लागू होते. आपल्याकडे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१६ मध्ये स्तनपानासाठी ‘मा’ हा कार्यक्रम सुरू केला. तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार देशात जन्मानंतर पहिल्या तासात अंगावर पाजली गेलेली बाळे ४१.८ टक्केच होती, आणि त्याच पाहणीत सिझेरियनचे प्रमाण २१.५ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के आढळले. आज बहुतेक ठरवून केलेल्या सिझेरियनमध्ये मणक्यातून भूल देतात. आई जागी असते, बोलते, बाळाला ओळखते. सात तासांची ती ‘पद्धत’ मला तरी पूर्ण बेशुद्ध करण्याच्या काळातून उरलेली सवय वाटते.

प्रत्यक्षात हे कसे होते, ते सांगते, म्हणजे बोलताना तुम्हाला अडखळावे लागणार नाही. हृदयाच्या नोंदीच्या चकत्या छातीच्या मधोमध न लावता खांद्यांकडे किंवा पाठीकडे लावतात, गाऊन पुढून उघडणारा घालतात आणि सलाइन शक्यतो तुम्ही कमी वापरता त्या हाताला लावतात. पडद्याच्या अलीकडे उरणारी जागा इंचांतच मोजण्यासारखी असल्याने बाळ उभे न ठेवता छातीवर आडवे ठेवावे लागते. त्याआधी ते कोरडे पुसायचे, टोपडे घालायचे आणि अंगावर ठेवल्यावर वरून गरम दुपटे पांघरायचे. पोटाचे टाके घालण्याचे काम तिकडे चालूच राहते. वजन, ‘के’ जीवनसत्त्वाचे इंजेक्शन आणि बाकीच्या नोंदी तासाभराने केल्या तरी बिघडत नाही. आंघोळ तर पहिले चोवीस तास नकोच. आईच्या छातीच्या उबेने बाळाचे तापमान आणि श्वास स्थिर राहायला मदत होते, आणि बरीचशी बाळे थोड्या वेळाने आपणहून स्तनाकडे सरकू लागतात.

एक सावधगिरी मात्र सोडू नये. भुलीनंतर काही जणींना हुडहुडी भरते, रक्तदाब उतरून मळमळते, नंतर गुंगी येते. अशा वेळी छातीवरच्या बाळाचे नाक-तोंड मोकळे आहे ना, मान वाकलेली नाही ना आणि रंग गुलाबी आहे ना, हे पाहणारी दुसरी जागी व्यक्ती जवळ हवीच. तुम्हाला अस्वस्थ वाटले तर बाळ उचलून घ्यायला सांगण्यात काहीही चूक नाही. परवानगी असेल तर यजमानांच्या उघड्या छातीवर ते तेवढा वेळ राहू शकते. रक्तस्राव जास्त झाला, बाळाला श्वासाचा त्रास झाला किंवा पूर्ण भूल द्यावी लागली, तर थांबावे लागेल. मात्र पूर्ण जाग आल्यावर लगेच पाजता येते, त्यासाठी ठरावीक तास मोजायचे नसतात.

सासूबाईंची काळजी खोटी नाही, पण बाळ दुसऱ्या खोलीत नेल्याने बाळंतिणीला विश्रांती मिळतेच असे नाही. ती दाराकडे डोळे लावून पडून राहते. त्यांना वेगळे काम द्या. पहिले काही तास तुमचे पाय बधिर असतील आणि लघवीची नळी असेल, त्यामुळे बाळ उचलून कुशीत देणे, लंगोट बदलणे आणि तुमचा डोळा लागला की बाळाला शेजारच्या पाळण्यात ठेवणे हे सारे त्यांच्याच हातून व्हायचे आहे. कुशीवर वळून पाजले किंवा बाळाचे पाय तुमच्या पाठीकडे जातील असे ते काखेत धरले, तर टाक्यांवर भार येत नाही. नेहमी दिली जाणारी पॅरासिटामॉल, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामके पाजताना चालतात. दुखणे सोसत राहिलात तर पाजणेच अवघड होईल. ‘दूध कुठे आहे?’ असे पहिल्या दिवशी कोणी विचारील. त्या दिवशी येतो तो चीक, काही मिलिलिटरच, आणि बाळाचे पोटही तेवढेच असते. सिझेरियननंतर भरपूर दूध उतरायला तीन-चार दिवस लागू शकतात. तोवर वैद्यकीय कारण नसताना पावडरचे दूध देऊ नये, असे केसपेपरवर लिहून घ्या. मध आणि गुटी यांनाही हाच नियम.

प्रश्न : पत्नीला रक्तदाबाचा त्रास असल्याने ३३व्या आठवड्यात सिझेरियन करावे लागेल असे डॉक्टर म्हणतात. बाळ पेटीत ठेवावे लागले तर या साऱ्याचा काय उपयोग?
– एक वाचक, सोलापूर जिल्हा

उत्तर : उलट अशा बाळाला त्याची गरज अधिक असते. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांत केलेला आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास १ ते १.८ किलोच्या बाळांवर होता. प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता लगेच काँगारू पद्धतीने छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी आढळले. त्यासाठी आईची खाट नवजात शिशू कक्षातच ठेवली होती. पत्नीला उठता येत नसेल तोवर हाताने चीक काढून, शक्यतो पहिल्या तासात आणि नंतर दिवसरात्र मिळून आठ वेळा, वाटीत किंवा सिरिंजमध्ये बाळाकडे पोचवा. दूध कमी पडल्यास जवळ मानवी दुग्धपेढी आहे का, ते विचारा. मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात अशी पेढी १९८९ पासून आहे.

आपल्याकडची खरी अडचण मात्र वेगळीच असते : आई एका रुग्णालयात टाक्यांसह पडून राहते आणि बाळ रुग्णवाहिकेतून दुसरीकडे जाते. तेव्हा तारीख ठरवण्याआधी, नवजात शिशू कक्ष त्याच इमारतीत आहे असे रुग्णालय गाठता येते का, हे डॉक्टरांशी बोलून पाहा. ते जमत नसेल, तर पत्नीला बाळाच्या रुग्णालयात कितव्या दिवशी हलवता येईल आणि तिथे तिला खाट मिळेल का, हे दोन्हीकडे आजच विचारून ठेवा.