सॉल : विदूषक, जोकर की सोंगाड्या?

प्रश्न असा आला आहे की, कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील फ्रेंच बालदूरदर्शनावर गाजलेल्या 'सॉल' या पात्राचा मराठीत परिचय करून देताना त्याला विदूषक म्हणावे, जोकर म्हणावे की सोंगाड्या. आणि हे पात्र शब्दांची जी मोडतोड करते तिला कोटी म्हणावे, श्लेष म्हणावे की जोडशब्द. प्रश्न दोन असले तरी ते एकमेकांत गुंतलेले आहेत, कारण सॉल कोण आहे हे तो काय बोलतो यावरूनच ठरते.

ज्यांना हे पात्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी माहिती आधी देतो. मार्क फाव्रो (1929–2005) या माँट्रियलच्या नटाने 1958 मध्ये रेडिओ-कॅनडा या सार्वजनिक प्रसारण संस्थेच्या मुलांच्या दूरदर्शन कार्यक्रमात सॉल उभा केला. ढगळ, जीर्ण कोट घातलेला, दाढीचे खुंट वाढलेला, घरदार नसलेला हा भटक्या आधी 'बिम' आणि मग 'बुताँ' या जोडीदारांबरोबर दिसे. पुढे ल्यूक द्युराँ या नटाचा 'गोब्ले' त्याला मिळाला आणि 1968 ते 1971 या काळातील 'सॉल ए गोब्ले' ही मालिका क्वेबेकच्या एका अख्ख्या पिढीच्या बालपणाचा भाग झाली. मालिका संपल्यावरही फाव्रो यांनी सॉलला सोडले नाही. तीच वेशभूषा अंगावर चढवून ते एकट्याने रंगमंचावर उभे राहू लागले, आणि मुलांसाठी जन्मलेले हे पात्र मोठ्यांसाठी बोलू लागले. त्या एकपात्री प्रयोगांतच त्याची भाषा पूर्ण बहरली.

आता पहिला प्रश्न. 'जोकर' हा शब्द आपल्याकडे पत्त्यांच्या जोडातून आणि सर्कशीच्या तंबूतून रुळला. विष्णुपंत छत्रे यांनी 1880 मध्ये सर्कस उभी केली तेव्हापासून मराठी माणसाने तंबूतला हा रंगवलेला प्राणी पाहिलेला आहे आणि त्याचे काम काय असते हे त्याला ठाऊक आहे : पडणे, धडपडणे, दोन कसरतींच्या मधला वेळ भरून काढणे. त्याला बोलावे लागत नाही. क्वेबेकच्याच दूरदर्शनावर 1972 ते 1976 या काळात ज़ाक देरोझिए यांचा 'पातोफ' लोकप्रिय होता. तो भडक रंगांचा, गाणी म्हणणारा आणि मुलांच्या घोळक्यात रमणारा असल्यामुळे त्याला मी निःसंकोच जोकर म्हणेन. सॉलला म्हणणार नाही. शिवाय मराठीत 'जोकर' हा शब्द हिणवण्यासाठीही सर्रास वापरला जातो, आणि सॉलबद्दल लोकांच्या मनात जी माया आहे तिच्याशी ती छटा विसंगत आहे.

'सोंगाड्या' हा शब्द अधिक जवळचा वाटतो, कारण तमाशातला सोंगाड्या बोलण्यातच खरा वाकबगार असतो. शब्दाला शब्द भिडवून, समोरच्याच्या वाक्याचा भलताच अर्थ काढून तो वग पुढे नेतो. पण सोंग म्हणजे दुसऱ्याचे घेतलेले रूप. सोंगाड्या क्षणात पाटील होतो, क्षणात शिपाई होतो. सॉल कोणाचेही सोंग घेत नाही. चार दशकांहून अधिक काळ तो फक्त सॉल राहिला, त्याच कोटात आणि त्याच अवस्थेत.

उरतो तो 'विदूषक', आणि माझ्या मते तोच योग्य शब्द आहे. संस्कृत नाटकातला विदूषक जातीने ब्राह्मण असूनही संस्कृत बोलत नाही, प्राकृत बोलतो. राजाची किंवा नायकाची भाषा संस्कारित आणि त्याच्या मित्राची भाषा साधी, अशी ती जोडी असते. 'मृच्छकटिका'तला मैत्रेय किंवा 'शाकुंतला'तला माधव्य आठवला की सॉल आणि गोब्ले यांची जोडी लगेच उमगते. गोब्ले हा नीटनेटका, कवीच्या वृत्तीचा, फ्रेंच सर्कशीतल्या 'पांढऱ्या क्लून'च्या वळणाचा. (फ्रेंचांनी 'क्लाउन' हा शब्द इंग्रजीतूनच घेतला, पण ते त्याचा उच्चार 'क्लून' असा करतात.) सॉल हा त्याच परंपरेतला 'ओग्यूस्त', म्हणजे वेंधळा आणि सगळे उलटे करून ठेवणारा. एकाची भाषा घडवलेली आणि दुसऱ्याची विस्कटलेली, हे नाते आपल्या विदूषकाच्या घराण्यात चपखल बसते. विदूषक या शब्दाच्या पोटात 'दुष्' हा धातू आहे आणि त्यातून बिघडवणारा, दूषित करणारा असा अर्थ निघतो. सॉल भाषाच बिघडवतो, म्हणून व्युत्पत्तीच्या अंगानेही हे नाव त्याला शोभते.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. येथे विषय फार समृद्ध आहे आणि त्याला घाईने एखादे नाव चिकटवणे अन्यायाचे होईल.

'कोटी' हा शब्द मी टाळेन. कोटी करणारा हजरजबाबी असतो. आपण कोटी केली हे त्याला माहीत असते आणि ऐकणाऱ्याने दाद द्यावी अशी त्याची अपेक्षा असते. सॉलला आपण काही विशेष बोललो याची जाणीवच नसते. त्याने शब्द कुठेतरी अर्धवट ऐकले आहेत आणि जसे ऐकले तसे तो ते मनापासून वापरतो. पात्राच्या बाजूने पाहिले तर तो निव्वळ अपभ्रंश आहे. लेखक म्हणून फाव्रो यांच्या बाजूने पाहिले तर तीच गोष्ट अत्यंत काटेकोर श्लेषरचना आहे. परिचय लिहिताना हे दोन्ही शब्द वापरावेत आणि कोणता कोणाच्या बाजूचा आहे हे स्पष्ट ठेवावे. 'जोडशब्द' तर अजिबात चालणार नाही, कारण मराठी व्याकरणात तो धनदौलत, घरदार अशा शब्दांसाठी ठरलेला आहे.

आपल्या अलंकारशास्त्रात सभंग श्लेष आहे. 'श्रीकृष्ण नवरा मी नवरी, शिशुपाल नवरा मी न वरी' हे त्याचे शाळेत सर्वांनी घोकलेले उदाहरण. अक्षरे तीच, तोडण्याची जागा बदलली की अर्थ उलटा. फाव्रो यांच्या एका प्रयोगाचे नाव होते 'ज मेगालोमान आ म्वा-मेम'. 'मेगालोमान' म्हणजे स्वतःच्या थोरवीने पछाडलेला माणूस. फ्रेंचमध्ये हे नाम किंवा विशेषण आहे, क्रियापद नव्हे. फाव्रो यांनी त्यातला आरंभीचा 'म' अपॉस्ट्रॉफीने तोडला. सुटा 'म' म्हणजे 'मला' किंवा 'स्वतःला', आणि उरलेल्या भागाच्या तोंडाशी आला 'एगाल', म्हणजे समान. कानाला 'मी थोरपणाने झपाटलो आहे' असे ऐकू येते. कागदावर मात्र 'मी स्वतःला स्वतःच्याच बरोबरीचा करून घेतो' असे काहीसे दिसते. अहंकाराचा शब्द एका खुणेने फोडून त्यातून समानता बाहेर काढणे, आणि तेही फाटक्या कोटातल्या माणसाच्या तोंडून, ही मला या सगळ्या भाषेतली सर्वांत सुंदर जागा वाटते.

दुसरे उदाहरण 'रियाँ देतोनाँ'. 'द' वेगळा धरला तर 'यात नवल ते काय', आणि तो पुढच्या शब्दाला जोडला तर 'बेसूर असे काही नाही'. स्फोटकाचा अर्थ देणारा शब्दही कानाला तसाच लागतो. तिसरे नाव 'लेझ्यो लँपीद', म्हणजे शब्दशः 'नितळ अंडी'. पण कानाला ते 'ले झ्यो ओलँपीक', म्हणजे ऑलिंपिक खेळांच्या अगदी जवळ जाते. ही कोडी जमतात ती फ्रेंच उच्चारांमुळे. अंडे या अर्थाच्या शब्दातला शेवटचा 'फ' एकवचनात उच्चारला जातो, अनेकवचनात गळून पडतो, आणि आधीच्या उपपदातला मुका 'एस' स्वरापुढे 'झ' होऊन जिवंत होतो. 1976 चे ऑलिंपिक माँट्रियलमध्येच झाले आणि त्याच्या स्टेडियमचे कर्ज 2006 पर्यंत फिटत राहिले, हे ध्यानात घेतले की त्या शहरातल्या प्रेक्षकाला ही अंडी किती आपली वाटली असतील याची कल्पना येते.

सगळी उदाहरणे सभंग श्लेषात बसत नाहीत. उरलेल्यांसाठी संस्कृत काव्यशास्त्रातल्या कोड्यांच्या प्रकारांकडे जावे लागते. तेथे च्युताक्षर, दत्ताक्षर आणि च्युतदत्ताक्षर अशी नावे आहेत : एखादे अक्षर गाळून, घालून, किंवा गाळलेल्याच्या जागी दुसरे घालून नवा अर्थ साधणे. फ्रेंचमध्ये बरेचदा पूर्ण अक्षराऐवजी एक वर्णच बदलतो, तेव्हा 'अक्षर' हा शब्द थोडा सैल घ्यावा. विचारांत सातत्य असणे यासाठी फ्रेंचमध्ये 'स्वीत' हा शब्द येतो. सॉल म्हणतो विचारांत 'फ्वीत' हवी, म्हणजे गळती हवी किंवा पळ काढणे हवे. 'देवांचा सांजकाळ' या जर्मन संगीतिकेच्या फ्रेंच नावातला 'द्यो' (देव) बदलून त्याने 'व्यो' (म्हातारे) केला. ही दोन्ही च्युतदत्ताक्षराची उदाहरणे. म्हाताऱ्यांवरच्या त्या स्वगतात आपल्यालाही लवकर म्हातारे व्हायची घाई झाली आहे असे सॉल अगदी निरागसपणे सांगतो, कारण म्हाताऱ्यांचे किती बरे चाललेले असते. आणि एका वर्णाच्या बदलाने वृद्धांचे एकाकीपण देवांच्या अस्ताच्या पंक्तीला जाऊन बसते. फळात अळी आहे, म्हणजे आतूनच कीड लागली आहे, या अर्थाच्या वाक्प्रचारात 'व्हेर' (अळी) या शब्दाआधी 'युनि' घालून त्याने 'सफरचंदात विश्व आहे' असे केले. हे शुद्ध दत्ताक्षर.

'एस्त्रादिनेर' मात्र यांपैकी कशातच बसत नाही. 'असामान्य' या अर्थाच्या लांब फ्रेंच शब्दाचे ते बोबडे रूप आहे आणि त्यातून दुसरा अर्थ निघत नाही. त्याला बोबडे बोलच म्हणावे.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. सॉलची भाषा म्हणजे 'ज्वाल', अर्थात माँट्रियलच्या कामगारवस्तीतली बोली, असे समजले जाण्याचा संभव आहे. त्या बोलीवरून 1960 च्या आसपास क्वेबेकमध्ये मोठा वाद झाला आणि 1968 मध्ये, 'सॉल ए गोब्ले' सुरू झाले त्याच वर्षी, मिशेल त्रांब्ले यांच्या नाटकातून ती रंगमंचावर आली. सॉल ती बोलत नाही. त्याचा खेळ प्रमाण फ्रेंचवर, तिच्या शुद्धलेखनावर आणि व्याकरणावर उभा आहे, आणि ती ज्याला उत्तम येते त्यालाच तो पुरता कळतो. म्हणून मराठी परिचयात त्याच्या तोंडी एखादी प्रादेशिक बोली घालू नये. तसे केल्यास त्या बोलीचाही अपमान होईल आणि सॉलही हरवेल. हाच सॉल 1978 पासून टीव्ही ओंटॅरिओच्या 'पार्ले-म्वा' या मालिकेत इंग्रजीभाषक मुलांना सोपी फ्रेंच शिकवत होता, यावरून त्याची मूळ भाषेवरची पकड लक्षात यावी. माँट्रियलमध्ये 2013 मध्ये उघडलेल्या एका सार्वजनिक ग्रंथालयाला मार्क फाव्रो यांचे नाव आहे.

मराठीत हे उतरवायचे कसे, हा उपप्रश्न यातून निघतोच. कानाला एक आणि डोळ्याला दुसरे असा खेळ आपल्याकडे कमी जमतो, कारण देवनागरीत उच्चार आणि लेखन फारसे वेगळे नसते. 'दिन' आणि 'दीन' अशा ऱ्हस्व-दीर्घाच्या थोड्या जोड्यांवरच तो साधता येतो. अक्षर गाळण्याबदलण्याला मात्र मराठी फार सोयीची आहे. 'आभारप्रदर्शना'तला 'आ' गाळला की 'भारप्रदर्शन' उरते, आणि पाहुण्यांचे 'सन्मानपूर्वक' स्वागत 'सामानपूर्वक' झाले की सॉलच बोलतो आहे असे वाटते. म्हणून त्याच्या शब्दांचा अर्थ भाषांतरित करत बसू नये; मूळ नाव देवनागरीत देऊन त्याची फोड सांगावी, आणि स्वगताची चव द्यायची असेल तर त्याच जागी आपला स्वतंत्र मराठी बिघाड घडवावा.

राहिले नावाचे लेखन. मूळ उच्चारातला 'ओ' मोकळा आहे, तेव्हा 'सोल' न लिहिता 'सॉल' लिहावे, आणि सामान्यरूप न करता सॉलने, सॉलला, सॉलचा असे सरळ प्रत्यय लावावेत.