अमेरिकेत क्रिमिनल जस्टिस शिकायला येऊ का, असं विचारणाऱ्या लातूरच्या मुलीला

तुझा निरोप तीनदा वाचला. पाच वर्षांचं लॉ संपलंय. मे २०२४ मध्ये पुण्यात अल्पवयीन मुलाच्या गाडीखाली दोघांचा जीव गेला आणि त्याला ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितलं, तेव्हापासून तुला याच क्षेत्रात काम करावंसं वाटतंय. आता अमेरिकेत क्रिमिनल जस्टिसमध्ये (पोलीस, कोर्ट, तुरुंग यांच्या कारभारात) मास्टर्स, मग एफबीआय, म्हणजे तिथली केंद्रीय तपास संस्था. बाबा राहतं घर तारण ठेवून चाळीस लाखांचं कर्ज काढायला तयार आहेत. "मॅडम, करू का?"

मॅडम नको, मावशी म्हण. माझा मुलगा तुझ्याहून मोठा आहे. मी कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅलीत एका काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, प्रोबेशन ऑफिसर आहे, अल्पवयीन मुलांच्या विभागात. तुरुंगात न टाकता देखरेखीखाली ठेवलेल्यांवर लक्ष ठेवणं हे आमचं काम. व्हिसाचे प्रकार, फी, परीक्षा यांबद्दल काही लिहीत नाही. ते सरकारी संकेतस्थळांवर माझ्यापेक्षा नीट मांडलेलं आहे.

एफबीआयचं आधी सांगते, म्हणजे ते मनातून निघून जाईल. तिथे स्पेशल एजंट (तपास करणारा अधिकारी) व्हायला अमेरिकेचं नागरिकत्व लागतं आणि नेमणूक ३७ वर्षं पूर्ण व्हायच्या आत व्हावी लागते. तू आज २३ची. आलीस, दोन वर्षं शिकलीस, नोकरी लागली, मालकाने ग्रीन कार्डासाठी अर्ज केला, असं सगळं सुरळीत झालं असं धरलं तरी भारतात जन्मलेल्यांची ती रांग लोक दशकांत मोजतात. कार्ड हातात आल्यावर नागरिकत्वासाठी साधारण पाच वर्षं थांबायचं. बाबांना समोर बसवून कागदावर बेरीज कर. नागरिकाशी लग्न झालं तर हिशेब बदलतो, पण त्या भरवशावर कुणी घर तारण ठेवू नये.

ही पदवी मुळात कुणासाठी निघाली ते कॉलेजच्या माहितीपत्रकात नसतं. बर्कलीचे पोलीसप्रमुख ऑगस्ट व्होल्मर यांनी १९१६ साली तिथल्या विद्यापीठात पोलिसांसाठी वर्ग सुरू करवले. पोलीस शिकलेला असला पाहिजे, हा त्यांचा ध्यास होता. पुढे १९६८च्या कायद्याने केंद्र सरकारने पोलिसांच्या शिक्षणासाठी पैसा ओतला आणि गावोगावच्या कॉलेजांत असे विभाग उघडले. म्हणजे ही पदवी इथल्याच माणसासाठी जन्मली, ज्याच्या हातात नोकरी आधीच आहे किंवा पदवीनंतर दारात उभी आहे. माझ्या संध्याकाळच्या वर्गात निम्मे विद्यार्थी शेरीफच्या (काउंटीच्या पोलीसप्रमुखाच्या) खात्यातले आणि तुरुंगातले होते. ड्यूटी संपवून तशाच बुटांनी वर्गात येत. त्यांना बढती हवी होती. परदेशातून आलेली विद्यार्थिनी एकच, घानाची. वर्गात पहिली आली. मग वर्षभराचा कामाचा परवाना मिळाला आणि त्या वर्षात एकाही खात्याने तिला घेतलं नाही. आता ती कॅनडात विम्याच्या दाव्यांची चौकशी करते. तिची आठवण आली की मला तुझे बाबा दिसतात.

त्या वर्षभराच्या परवान्याला आणखी २४ महिने जोडून मिळतात, पण विज्ञान-तंत्रज्ञानाच्या यादीतल्या विषयांनाच. क्रिमिनल जस्टिस त्या यादीत नाही. फॉरेन्सिक सायन्स, म्हणजे पुराव्यांची शास्त्रीय तपासणी, आहे; संगणकीय फॉरेन्सिक्सही आहे. नावं शेजारशेजारची, पण दोघांच्या वाटा फार वेगळ्या. आणखी एक तुला कुणीतरी नक्की सांगेल, की कॅलिफोर्नियात २०२३ पासून पोलीस आणि प्रोबेशनच्या नोकरीला नागरिकत्वाची अट उरली नाही. खरं आहे. पण काम करण्याचा परवाना लागतोच आणि तुझा परवाना एका वर्षाचा. भरतीची प्रक्रियाच त्यातले कितीतरी महिने खाते. व्हिसा काढून देणारं खातं मला अजून भेटलेलं नाही.

त्या भरतीबद्दल थोडं लांबून सांगते, कारण तो राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

इथे या नोकरीआधी बॅकग्राउंड चेक होतो. तो पगारी कारकुनाच्या नोकरीसारखा नसतो. भलीमोठी पुस्तिका भरायची: दहा वर्षांत कुठे कुठे राहिलात, शेजारी कोण, आधीचे वरिष्ठ कोण, कर्ज किती, आणि आजवर वापरलेली सगळी नावं. सगळी! माझी पदवी माहेरच्या नावाने. लग्नात ताटातल्या तांदळात नवऱ्याने अंगठीने नवं नाव लिहिलं, तेव्हा आडनावाबरोबर माझं पहिलं नावही बदललं. मधलं नाव आधी वडिलांचं होतं, ते नवऱ्याचं झालं. म्हणजे तीन शब्दांतला एकही शब्द जुळत नाही. तपास करणारे गृहस्थ निवृत्त पोलीस होते, वागायला सभ्य. त्यांनी विचारलं, "या दोन बायका एकच आहेत याचा पुरावा काय?" मी राजपत्राची प्रत दिली, विवाहाचा दाखला दिला, तो मराठीत म्हणून त्याचं प्रमाणित भाषांतर दिलं. तरी त्यांच्या फॉर्मवर माझं माहेरचं नाव ज्या रकान्यात गेलं, त्याच रकान्यात चोरांची टोपणनावंही लिहितात. ज्या नावाने बाबा मला हाक मारायचे ते नाव तिथे बघून मी गाडीत बसून रडले.

पदवीचं मूल्यांकन तर त्याहून वाईट. विद्यापीठाने ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे गुणांचा अधिकृत उतारा, सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या तोंडावर सही-शिक्का मारून द्यायचं असतं. माझ्या भावाने त्यासाठी पुण्यात चार खेपा घातल्या. पाकीट मिळाल्यावर, ताईचं नाव बरोबर आहे ना, या काळजीने त्याने ते घरी उघडून पाहिलं आणि पुन्हा चिकटवून पाठवलं. इथे ते बाद. परत चार खेपा. त्याला मी फोनवर जे बोलले ते बोलायला नको होतं. तू एकच कर: इथे येणार असशील वा नसशील, आत्ताच चार-पाच सीलबंद पाकिटं काढून ठेव आणि घरात सगळ्यांना बजावून ठेव. पहिलीपासूनच्या प्रत्येक कागदावरचं नाव, बाबांच्या नावाच्या स्पेलिंगसकट, एकसारखं आहे का बघ. आणि लग्नात नाव बदलू नकोस. हे मी सासू म्हणूनसुद्धा सांगेन.

तू वकील आहेस हे तू शेवटच्या ओळीत लिहिलंस, जणू ते आता कामाचं नाही. तीच तुझी पुंजी आहे. क्रिमिनॉलॉजी म्हणजे गुन्हा का घडतो याचा अभ्यास, क्रिमिनल जस्टिस म्हणजे पोलीस, कोर्ट, तुरुंग कसे चालतात याचा. तुला यातलं काय हवंय? की निबंधाच्या आदेशाचा राग आलाय आणि त्या खोलीत आपण असायला हवं होतं असं वाटतंय? तसं असेल तर ती खोली पुण्यात आहे. आपल्या तुरुंगांत चारातले तीन कैदी कच्चे आहेत, शिक्षा न लागलेले. गरिबांना मोफत वकील देणाऱ्या विधी सेवा प्राधिकरणाला वकील हवेत. मुंबईत टिसमध्ये (टाटा समाजविज्ञान संस्थेत) क्रिमिनॉलॉजी घेऊन समाजकार्यात मास्टर्स करता येतं. प्रयोगशाळेकडे ओढा असेल तर १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्याने सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं आवश्यक केलंय, राज्यांना तयारीला पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. इतके तज्ज्ञ कुठून येणार? गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विद्यापीठाची शाखा गोव्यात आहे, शासकीय संस्था मुंबई, नागपूर आणि संभाजीनगरला आहेत. त्यात घर तारण ठेवावं लागत नाही.

एकटेपणाचं विचारलंस. असतो. काम असलं की जाणवत नाही.

आता ज्याच्यामुळे हे सगळं लिहायला बसले ते.

आम्ही २००३ मध्ये आलो, मुलगा सहा वर्षांचा. पुण्यात मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यात मास्टर्स) करून येरवड्याच्या तुरुंगात बायकांच्या बराकीत काम केलं होतं. इथे नवऱ्याच्या व्हिसावर मला नोकरीची परवानगी नव्हती. नऊ वर्षं घरात बसले. २०१०च्या पानगळीत मुलगा सातवीत होता, तेरा वर्षांचा. लॉकर रूममध्ये भांडण झालं, दुसऱ्या मुलाच्या दाताचा टवका उडाला. शाळेतून फोन आला. मी पोचले तेव्हा बंद खोलीत व्हाइस प्रिन्सिपल, शाळेतला गणवेशातला पोलीस आणि माझा मुलगा. तो किती वेळ तिथे बसला होता हे मी विचारलं नाही. टेबलावर कोरा कागद होता. तो मराठीत म्हणाला, "आई, मी आधी नाही ढकललं." मी म्हणाले, "मोठ्यांना उलट बोलू नकोस. सॉरी म्हण आणि लिहून दे."

आपल्या शाळांत माफीनामा दिला की विषय संपतो. मला वाटलं मी त्याला सोडवते आहे. त्याने लिहिलं, मी शेजारी उभी राहून लिहून घेतलं. तोच कागद त्याच्या विरुद्धचा पुरावा झाला. पाच दिवस शाळेतून निलंबन, मग प्रोबेशन खात्याकडे कागद गेले, सहा महिने देखरेख. दर दोन आठवड्यांनी एक बाई घरी यायच्या. मी त्यांना चहा आणि चिवडा द्यायचे. दुसऱ्या मुलाचं काय झालं हे शाळेने आम्हाला कधी सांगितलं नाही.

पुढच्याच वर्षी, जून २०११ मध्ये, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने नॉर्थ कॅरोलायनातल्या एका खटल्यात निकाल दिला. तो मुलगाही तेरा वर्षांचा, सातवीतला, शाळेच्या खोलीत पोलिसाने विचारपूस केलेला. आपण इथून उठून जाऊ शकतो हे मुलाला मोठ्या माणसासारखं उमजत नाही, म्हणून चौकशीत त्याचं वय धरलंच पाहिजे, असं न्यायालय म्हणालं. कॅलिफोर्नियात २०१८ पासून पंधरा वर्षांपर्यंतच्या आणि २०२१ पासून सतराव्या वर्षापर्यंतच्या मुलांना, पोलिसांच्या ताब्यात चौकशी व्हायची असेल तर, आधी वकिलाशी बोलू द्यावंच लागतं. तो निकाल मी वर्गात पहिल्यांदा वाचला. ग्रीन कार्ड २०१२ ला आलं, २०१३ ला प्रवेश घेतला. वर्गातून उठून बाहेर गेले आणि त्या दिवशी परत आत गेले नाही.

तेव्हा मी हे क्षेत्र का निवडलं याचं खरं उत्तर हे आहे. पुस्तिकेत मी 'समाजसेवेची आवड' असं लिहिलं होतं. २०१७ ला नागरिकत्व मिळालं, २०१८ ला नोकरी. वयाची चाळिशी उलटून गेलेली. निम्मं काम म्हणजे लिहिणं, न्यायाधीशांसाठी अहवाल. बाकी गाडी चालवणं, लोकांच्या घरी जाणं, शाळांमध्ये जाणं, लघवीच्या तपासणीचे कप मोजणं. स्पॅनिश रोज लागते. एकदा एका पंजाबी आजीशी हिंदीत बोलले तर तिने माझे दोन्ही हात धरून ठेवले, सोडेचना. फाईल आली की मी आरोप आधी वाचत नाही. मुलाने स्वतःच्या अक्षरात काही लिहून दिलंय का ते आधी बघते, आणि ते लिहिताना खोलीत कोण होतं.

मुलगा आता २८ वर्षांचा आहे, सिएटलला असतो, दर रविवारी फोन करतो. मला कधी दोष दिला नाही. एकदाच म्हणाला, "तू मला विचारलंच नाहीस." अठरा पूर्ण झाल्यावर त्याची नोंद सीलबंद करायचा अर्ज मी स्वतः भरला. कोर्टाच्या आदेशाचा अर्थ असा, की ते घडलंच नाही असं समजायचं, आणि कुणी विचारलं तर त्याने तसंच सांगायचं. त्या हस्ताक्षराची एक झेरॉक्स माझ्या कपाटात अजून आहे. तो म्हणतो, फाडून टाक. माझ्याच्याने होत नाही.

कर्जाच्या कागदावर बाबांची सही व्हायच्या आधी मला फोन कर, बाबांनाही शेजारी बसव. माझी रविवारची सकाळ म्हणजे तुमची रविवारची रात्र. नऊपासून मी मोकळीच असते. साडेदहाला मुलाचा फोन येतो, तेवढं सोडून कधीही.