एक्स-रेत न दिसलेली चीर आणि ग्राहक आयोग

प्रश्न : वय ४८, राहणार मनीषनगर, नागपूर. डावा गुडघा आतल्या बाजूने झिजून पाय वाकला होता, म्हणून धंतोलीतल्या एका खाजगी हॉस्पिटलात हाय टिबियल ऑस्टिओटॉमी (नडगीचं हाड कापून पाय सरळ करायचं ऑपरेशन) करून घेतली. त्याला दहा महिने झाले. बिल पावणेतीन लाख, त्यातले दोन लाख मेडिक्लेमने दिले. दीड महिन्याने पूर्ण वजन टाकायला सांगितलं. दुखणं वाढत गेलं. दोनदा दाखवायला गेलो, दोन्ही वेळा एक्स-रे बघून ‘सगळं ओके आहे, फिजिओ चालू ठेवा’ म्हणाले. चौथ्या महिन्यात दुसऱ्या डॉक्टरांनी सीटी केला, तेव्हा बाहेरच्या बाजूला ‘टाइप २ हिंज फ्रॅक्चर’ निघालं. पाय परत वाकतो आहे. पहिले डॉक्टर म्हणतात, ‘हे कॉम्प्लिकेशन आहे, फॉर्मवर तुमची सही आहे.’ फाइल मागितली तर आज या, उद्या या. मेव्हणे म्हणतात, सरळ पोलिसांत जा.

उत्तर : भाऊ, पोलिसांचं आधी आटपतो. डॉक्टरवर फौजदारी गुन्हा टिकायला साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा घोर असावा लागतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या जेकब मॅथ्यू प्रकरणापासून (२००५) पोलिसांना आधी दुसऱ्या डॉक्टरचं, शक्यतो सरकारी, निःपक्ष मत घ्यावं लागतं. म्हणजे कागद सरकारी मेडिकल कॉलेजला जाणार, तिथून अहवाल कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही, आणि हाती लागलाच तर ‘घोर निष्काळजीपणा दिसत नाही’ एवढंच एक वाक्य. तुमची जागा जिल्हा ग्राहक आयोग.

तिथेही ‘ऑपरेशनमध्ये हाड मोडलं’ एवढ्या मुद्द्यावर उभे राहाल तर हराल. या शस्त्रक्रियेत नडगीचं हाड आतल्या बाजूने कापून फट उघडतात आणि बाहेरच्या बाजूची हाडाची पट्टी बिजागरीसारखी (हिंज) जोडलेली ठेवतात. फट उघडताना तिथे चीर जाणं हा जगभर नोंदलेला धोका आहे, चांगल्या हातांतूनही होतो. समोरचा वकील पाठ्यपुस्तकं घेऊनच येईल. प्रत्येक पेशंटचा सीटी केलाच पाहिजे असाही नियम नाही. दीड महिन्याने पूर्ण वजन टाकायला सांगणं हेही एरवी चुकीचं ठरत नाही, बरेच सर्जन सांगतात.

तुमचा खटला सुरू होतो तो दुखणं घेऊन तुम्ही परत गेलात त्या दिवशी. ही चीर बारीक असली, सरकलेली नसली, तर साध्या एक्स-रेत निसटते; सीटीत सापडते. हे ऑर्थोपेडिक सर्जनला ठाऊक असतं. ताकेउची यांच्या वर्गीकरणात या फ्रॅक्चरचे तीन प्रकार आहेत. पहिला बहुतेक वेळा स्थिर राहतो. दुसऱ्यात चीर फिब्युलाच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाच्या) वरच्या सांध्याच्या खाली उतरते, तिसऱ्यात गुडघ्याच्या सांध्यात शिरते. या दोन्हींत हाड जुळायला वेळ लागण्याचा आणि केलेली दुरुस्ती निसटण्याचा धोका जास्त. मग वाढतं दुखणं घेऊन पेशंट दोनदा दारात येतो, तेव्हा पुढची तपासणी का सुचवली नाही? आयोगापुढे हा एकच प्रश्न रेटायचा. फॉर्मवरच्या सहीने तुम्ही धोका पत्करलात. धोका खरा झाल्यावर कोणी बघणार नाही, यावर तुम्ही सही केलेली नाही.

बचाव काय येईल तेही ऐका : ‘चीर नंतर पडली, पेशंट घरी घसरला असेल.’ याला उत्तर तुमच्या जुन्या एक्स-रेंमध्येच आहे. ऑपरेशननंतरचा पहिला, मग पुढचे दोन, मग सीटी असं ओळीने लावून पायाचा कोन कधी बदलायला लागला हे रेडिओलॉजिस्टकडून मोजून घ्या. पहिल्याच फिल्ममध्ये रेघ दिसत असेल तर तुमची बाजू फार भक्कम होते. दुसऱ्या डॉक्टरांकडून लेखी मत घ्या आणि त्यात एक वाक्य नक्की असू द्या : वेळेत कळलं असतं तर काय वेगळं केलं असतं. वजन टाकणं लांबवलं असतं की जादा स्क्रू घातले असते? हे नसेल तर चूक सिद्ध होऊनही नुकसानभरपाई हातून जाते. असे दावे मी याच गोष्टीवर पडताना पाहिले आहेत.

तुम्ही पाठवलेल्या फोटोबद्दल. फिल्म खिडकीला टेकवून काढला आहे आणि खिडकीच्या गजाची सावली नेमकी बिजागरीच्या जागेवर पडली आहे. असला फोटो आयोगात चालायचा नाही. एक्स-रे आणि सीटी दोन्हींची डायकॉम सीडी मागा. त्यात मूळ प्रतिमा असते, तारीख-वेळेसकट, आणि हाडाला बसवलेल्या धातूच्या प्लेटमुळे पडणारी चमक कमी करून चीर नीट पाहता येते. सोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र घ्या. आयोग पुराव्याच्या नियमांना काटेकोर चिकटत नाही, तरी वादाला जागा ठेवू नका.

फाइलसाठी तोंडी मागणी बंद करा. २००२ च्या वैद्यकीय आचार नियमांनुसार लेखी मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात. अर्ज द्या, पोच घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टने पाठवा. ऑपरेशन नोट, डिस्चार्ज कार्ड, ओपीडीच्या दोन्ही चिठ्ठ्या, सगळ्या प्रतिमा. ओपीडीच्या चिठ्ठीवर ‘दुखणं’ लिहिलंय की नाही ते मला आधी कळवा, अर्धा खटला त्यावर आहे.

तक्रार करायची मुदत दोन वर्षं. दोष उशिरा उघड झाला तर तो कळल्यापासून मोजता येते, पण त्यावर विसंबू नका. पोटात गॉज राहिल्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली तक्रार मुदतबाह्य ठरवली, कारण बाई वर्षानुवर्षं दुखणं सोसत राहिल्या आणि त्याच सर्जनकडे परत गेल्याच नाहीत. तुम्ही दोनदा गेलात, हे तुमच्या बाजूचं. तरी शस्त्रक्रियेच्या तारखेपासूनच मोजा, म्हणजे हातात चौदा महिने.

मेडिक्लेमने पैसे दिले म्हणून तुमचं ग्राहकपण जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या व्ही. पी. शांता निकालातच (१९९५) आलं आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने जिल्हा आयोगाची हद्द दिलेल्या मोबदल्यावर ठरते, आणि तो पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही.

दुसरी शस्त्रक्रिया ठरली असेल तर खटल्यासाठी ती थांबवू नका, पाय आधी. पण ऑपरेशनआधी ताजा सीटी आणि पूर्ण पायाचा उभ्याने एक्स-रे काढून ठेवा, कारण प्लेट बदलली की आजचा पुरावा परत मिळणार नाही. आणि नव्या सर्जनना ऑपरेशन नोटमध्ये सविस्तर लिहायला सांगा : प्लेट कशी होती, कोणते स्क्रू सैल होते, बिजागरीच्या जागी हाड जुळलं होतं की हलत होतं.