वाट कोणी द्यायची

पाषाण, पुणे

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

रविवारी जेवताना तू विचारलंस, "काका, युद्धनौकेच्या वाटेत मच्छीमाराची होडी आली तर बाजूला कोणी व्हायचं?" मी "नियम वाच" म्हणालो आणि हात धुवायला उठलो. ते उत्तर नव्हतं, तेव्हापासून ते मला खातंय. एनडीएतून तू एझिमलाच्या नौदल अकादमीत जाशील आणि एक दिवस ब्रिजवर, जिथून जहाज चालवतात तिथे, तुझ्या नावाचा वॉच म्हणजे पहाऱ्याची पाळी लागेल. त्याआधी हे लिहून टाकतो.

पुण्यात ट्रक आणि स्कूटरची टक्कर झाली की गर्दी आधी ट्रकवाल्याची कॉलर धरते. जहाजावर नव्यानं आलेल्या पोराला मात्र उलटं वाटतं: आपली नौका हजारो टनांची, होडीवाल्यानंच हलावं. दोन्ही समजुती चुकीच्या. टक्कर टाळण्याची १९७२ ची आंतरराष्ट्रीय नियमावली (१९७७ पासून लागू आहे) कोणाचं वजन विचारत नाही. युद्धनौकेला तिच्या बांधणीमुळे दिव्यांच्या जागेबाबत थोडी मुभा आहे. वाट देण्याबाबत काही नाही.

कोण काय करतंय, हे नियमावली विचारते. जाळं ओढत असलेल्या होडीला पटकन वळता येत नाही, म्हणून इंजिनावर चालणाऱ्या जहाजानं तिच्यापासून दूर राहायचं, मग ते जहाज विनाशिका का असेना. तीच होडी जाळं गुंडाळून बंदराकडे निघाली की इतरांसारखीच एक इंजिनबोट. अरुंद खाडीत आणि चॅनेलमध्ये मच्छीमारानं दुसऱ्याची वाट अडवायची नाही. आणि विमानं उडवत-उतरवत असलेल्या विक्रांतला, २६२ मीटर लांबीच्या त्या जहाजाला, मच्छीमारानंही शक्यतो मोकळं सोडायचं, कारण तेव्हा तिला मनासारखं वळता येत नाही. हे सगळं पाठ कर. पण खरी जबाबदारी याच्याही आधी सुरू होते, पाचव्या नियमापासून: डोळ्यांनी, कानांनी आणि हाताशी असेल त्या प्रत्येक साधनानं सतत पहारा. तो होडीलाही लागू आहे. फक्त तुझ्याकडे रडार आहे, ब्रिजवर पाच-सहा माणसं आहेत. तिकडे दिवसभर जाळं ओढून दमलेला एकटा तांडेल आहे. "सगळी साधनं" म्हटलं की तुझी यादी लांब होते. तेवढंच मोठेपण तुझ्या वाट्याला येतं.

जपानचं 'अतागो' प्रकरण नीट वाच. १९ फेब्रुवारी २००८ ची पहाट, चार वाजून गेलेले. हवाईहून परतणारी ही विनाशिका 'सेइतोकु मारू' या सात टनी होडीवर गेली. होडीचे दोन तुकडे झाले, तिच्यावरचे बाप-लेक परत आले नाहीत. टक्करीच्या अगदी थोडं आधीपर्यंत विनाशिका ऑटोपायलटवर होती. सागरी अपघात न्यायाधिकरणानं २००९ मध्ये मुख्य दोष विनाशिकेच्या पहाऱ्याला दिला. पुढे फौजदारी खटल्यात तिचे दोन अधिकारी २०११ मध्ये निर्दोष सुटले आणि २०१३ मध्ये वरच्या कोर्टानंही ते कायम ठेवलं. होडीच वळून आडवी आली, असं कोर्टाचं म्हणणं पडलं. बरोबर कोण, यावर मी कितीतरी रात्री घालवल्या. आता एवढंच म्हणतो की कोर्टानं सोडलं म्हणजे वॉच नीट ठेवला होता, असं होत नाही. तू 'बरोबर कोण' या प्रश्नाची तयारी करू नकोस, 'वॉच नीट ठेवला होता का' याची कर.

माझंही सांगतो. तीस वर्षांहून जास्त झाली. जयगडच्या बाहेर, मध्यरात्रीनंतरचा वॉच, समुद्र खवळलेला, रडारचा पडदा लाटांच्या ठिपक्यांनी भरलेला. लाकडी होडी अशा गिचमिडीत दिसतच नाही. लुकआउटचा पोरगा म्हणाला, "साहेब, डावीकडे दिवा." मला तो किनाऱ्यावरचा वाटला. दोन मिनिटांनी त्यानं परत सांगितलं, आणि मग मी बेअरिंग घेतलं, म्हणजे दिवा कंपासवर कोणत्या कोनात दिसतो ते मोजलं. पुन्हा घेतलं. तेच. दिवा जवळ येतोय आणि कोन बदलत नाही, म्हणजे टक्कर ठरलेली. सुकाणू उजवीकडे टाकलं. होडी आमच्या बाजूनं इतक्या जवळून गेली की सुक्या मासळीचा वास ब्रिजवर आला. एक माणूस एका हातात कंदील धरून दुसऱ्या हातानं जर्मनचं ताट बोटीच्या काठावर बडवत होता. त्याचं तोंड उघडं होतं, पण आमच्या इंजिनापुढे ऐकू काहीच आलं नाही. अशा वेळी कॅप्टनला लगेच उठवायचं, असा लेखी हुकूम होता. मी उठवलं नाही. लॉगमध्ये, जहाजाच्या नोंदवहीतही, लिहिलं नाही. ते ताट मला अजून दिसतं, आणि त्या लॉगमधली ती कोरी ओळही.

पंधरा नॉट म्हणजे ताशी जेमतेम २८ किलोमीटर, सिंहगड रस्त्यावर स्कूटरसुद्धा याहून जोरात जाते. पण मिनिटाला साडेचारशे मीटरच्या वर पाणी कापलं जातं. मी दोन मिनिटं घालवली होती.

गप्प राहणं हा या धंद्यातला सगळ्यात महागडा दोष आहे. ९ फेब्रुवारी २००१ ला होनोलुलूजवळ 'ग्रीनव्हिल' ही अमेरिकी पाणबुडी पाहुण्यांना दाखवण्यासाठी एकदम वर उसळली आणि 'एहिमे मारू' या जपानी प्रशिक्षण नौकेवर आदळली. नऊ जण गेले, त्यात चार शाळकरी मुलं. पाणबुडीतल्या एका कर्मचाऱ्याकडच्या आकड्यांत ती नौका जवळ येत असल्याचं दिसत होतं. पाहुण्यांच्या गर्दीत त्याची नोंद मागे पडली आणि तो बोलला नाही. वर येण्याआधी पेरिस्कोपमधून चौफेर नजर घाईतच फिरवली गेली. तुझ्या वॉचवर सगळ्यात धाकट्या खलाशालाही दोनदा बोलायची हिंमत झाली पाहिजे. माझ्या लुकआउटला ती होती, माझ्यामुळे नव्हे, त्याच्या स्वभावामुळे.

पाणबुडीत गेलीस तर आणखी एक ध्यानात ठेव. इंजिन बंद करून जाळ्यावर तरंगणारी होडी सोनारला, पाण्यातले आवाज टिपणाऱ्या यंत्राला, ऐकू येत नाही. २१ नोव्हेंबर २०२४ ला गोव्याच्या वायव्येला 'मार्थोमा' ही मासेमारी नौका आपल्या स्कॉर्पिन पाणबुडीला धडकली. तेरातले अकरा वाचले. महिनाही झाला नव्हता तोच, १८ डिसेंबरला, इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या प्रवासी बोटीवर आदळली आणि १५ जीव गेले. तिथे तर नौदलाची बोटच लहान होती.

असं कधी तुझ्या हातून घडलंच, तर आधी पाण्यातली माणसं काढ. होडीवाल्यानं दिवे लावले नव्हते, हे खरं असेल तरी ते नंतर सांग. आणि लॉग त्याच तासाला लिही, कोणाला विचारत न बसता.

पुढच्या रविवारी सुट्टी मिळाली तर खडकवासल्याच्या चौपाटीवर ये. माझा हातातला कंपास आणतो. पीकॉक बेवरून, तुमच्या एनडीएच्या धक्क्यावरून, निघालेल्या शिडाच्या बोटींची बेअरिंग घ्यायची, दर अर्ध्या मिनिटाला एक, आणि वहीत लिहून. डोळ्यांनी अंदाज करायचा नाही.

तुझा,
काका